जुनीं मातीयंत्रें आणि त्यांचे सारथी

गांवाबाहेरच्या माळावर एखादें पिवळें यंत्र येऊन माती उकरूं लागलें, कीं पांच मिनिटांच्या आंत तेथें माणसांचें कोंडाळें जमतें. शाळेंतून परतणारीं मुलें थबकतात, म्हातारे काठीवर हनुवटी टेकून उभे राहतात, आणि बाजाराला निघालेला शेतकरी आपली मोटारसायकल कडेला लावून अर्धा तास तेथेंच घालवितो. कोणास कांहीं विकत घ्यावयाचें नसतें, कोणास कांहीं विचारावयाचें नसतें. लोखंडी हात खालीं येतो, त्याचे दांत जमिनींत रुततात, मातीचा एक ढीगच्या ढीग वर उचलला जातो, एवढेंच पाहावयाचें असतें. २०१९ सालीं या हौसेची भारतभर जाहीर थट्टाहि होऊन गेली. खोदकाम पाहणाऱ्या गर्दीचीं चित्रें हातोहात फिरलीं आणि लोक स्वतःलाच हंसले. परंतु ज्यानें एकदां तरी ओल्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढण चढली आहे, त्यास या गर्दीचें नवल वाटणार नाहीं. माती किती जड असते, हें त्याच्या मानेला ठाऊक असतें.

पाश्चात्य देशांत या हौसेला एका गंभीर छंदाचें रूप आलेलें आहे. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत बोलिंग ग्रीन या गांवीं जुन्या बांधकाम-यंत्रांचा इतिहास जतन करणाऱ्या मंडळींची एक संस्था आहे. ती जुनीं कागदपत्रें सांभाळते आणि यंत्रांचे मेळावे भरविते. इंग्लंडच्या उत्तर भागांत थ्रेलकेल्ड येथील दगडाच्या एका जुन्या खाणींत अशाच शौकिनांनीं खोदयंत्रांचा मोठा संग्रह केला आहे. लिंकन शहरांतील रस्टन-प्रॉक्टर या कारखान्यानें १९०९ सालीं घडविलेल्या एका वाफेच्या खोदयंत्राची कथा तर पुराणांतल्यासारखी आहे. तें यंत्र बेडफर्डशायर परगण्यांतील आर्लसी येथें खडूच्या खाणींत काम करीत होतें. पुढें खाण सोडून देण्यांत आली, तींत पाणी भरलें, आणि यंत्र तळाशीं तसेंच राहिलें. कित्येक वर्षांनीं, १९७० नंतरच्या दशकांत, तें पाण्यांतून वर काढण्यांत आलें आणि त्याची डागडुजी झाली. गंजलेल्या लोखंडावर एवढें प्रेम कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी माणसाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर लोखंडांत शोधून सांपडत नाहीं. यंत्र दुरुस्त झालें म्हणजे तें चालवावयास कोणी तरी लागतो. कोणता दांडा कधीं ओढावा, किती ओढावा, आणि ओढतांना कान कोठें ठेवावा, हें ज्यास ठाऊक आहे असा मनुष्य लागतो. लोखंडाचा सांधा नवा घडवितां येतो. असा मनुष्य नव्यानें घडवितां येत नाहीं, आणि जुन्या यंत्रांच्या शौकिनांना खरी चिंता असते ती याची.

मातीयंत्रांचा इतिहास तसा फार जुना नाहीं. वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्राचा हक्क विल्यम ओटिस या अमेरिकन गृहस्थास १८३९ सालीं मिळाला. अमेरिकेनें पनामाचा कालवा १९०४ ते १९१४ या काळांत खोदला, तेव्हां अशीं यंत्रें डोंगर फोडावयास ओळीनें उभीं होतीं. १९०६ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तें काम पाहावयास गेले असतां त्यांतील एका प्रचंड यंत्रावर चढून चालकाच्या जागीं बसले. तें छायाचित्र जगभर प्रसिद्ध झालें. त्याच्याखालीं अध्यक्षांचें नांव असतें, यंत्र बनविणाऱ्या कारखान्याचेंहि पुष्कळदां असतें. ज्याची जागा अध्यक्षांनीं घटकाभर घेतली, त्याचें सहसा नसतें.

वाफेचें खोदयंत्र बहुधा रुळांवर चाले, त्यामुळें मोकळ्या रानांत त्याचा फारसा उपयोग नव्हता. ही अडचण दूर झाली ती भुसभुशीत जमिनीमुळें. कॅलिफोर्नियांत स्टॉक्टन गांवाच्या आसपास नदीच्या मुखाकडील माती इतकी मऊ होती, कीं चाकांचें जड यंत्र तींत रुतून बसे. बेंजामिन होल्ट या कारखानदारानें १९०४ सालीं आपल्या यंत्राचीं मागचीं चाकें काढून त्या जागीं अखंड फिरणारे पट्टे बसविले. भार पसरला, आणि यंत्र मातींत न बुडतां तिच्यावरून चालूं लागलें. त्या सरपटत्या चालीवरून त्यास सुरवंटाचें नांव मिळालें. १९२५ सालीं होल्ट आणि बेस्ट या दोन कारखान्यांचें एकीकरण झालें, तेव्हां नव्या कंपनीनें तेंच नांव धारण केलें. कॅटरपिलर म्हणजे सुरवंटच. या यंत्रांचा पिवळा रंगहि मूळचा नव्हे. १९३१ पर्यंत तीं राखाडी असत. त्याच स्टॉक्टनमध्यें आर. जी. लेटूर्नो नांवाचा एक धडपड्या मनुष्य होता. माती खरवडावी, आपल्या पोटांत भरून घ्यावी, वाहून न्यावी आणि हव्या तेवढ्या जाडीच्या थरानें पसरावी, हीं चारहि कामें एकटें करणारें स्क्रेपर हें यंत्र त्यानें विशेष सुधारलें. पट्ट्यांचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढें पातें लावलें कीं डोझर, मागें जोडला स्क्रेपर, आणि माती दाबावयास रूळ: पुढें कित्येक वर्षें जगांतील मोठमोठीं मातीकामें एवढ्याच परिवारावर झालीं.

दुसऱ्या महायुद्धांत विमानतळ आणि रस्ते करण्यासाठीं हीं यंत्रें देशोदेशीं गेलीं, तशीं भारतांतहि आलीं. आणि युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळशीं येथेंच राहिलीं. दोन डॅनिश इंजिनियरांनीं १९३८ सालीं मुंबईस काढलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीनें १९४५ च्या सुमारास कॅटरपिलरचीं यंत्रें येथें विकण्याचा करार केला. कांस गवतानें पडीक पडलेली मध्य भारतांतील जमीन मोडण्यासाठीं केंद्र सरकारनें युद्धांतून उरलेले ट्रॅक्टर कामीं लावले, आणि १९४९ सालीं जागतिक बँकेनें भारतास जीं पहिलीं कर्जें दिलीं, त्यांतील एक कोटि डॉलरचें कर्ज याच कामाच्या यंत्रांसाठीं होतें. पुढें १९६४ सालीं बंगलोर येथें भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तलवारीचे नांगर करण्याची गोष्ट पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. येथें ती अगदीं शब्दशः घडली.

या यंत्रांनीं आणि त्यांच्या सारथ्यांनीं काय करून ठेवलें, तें पाहावयास मराठवाड्यांतल्या माणसास दूर जावें लागत नाहीं. गंगापूर हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील तालुका. नाशिकजवळ गंगापूर नांवाचेंच एक मातीचें धरण असल्यानें दोन गंगापुरांचा घोटाळा पुष्कळदां होतो. दोहोंचा संबंध मात्र एकाच गोदावरीशीं, जिला या भागांत लहानथोर सारेजण गंगाच म्हणतात. तालुक्याच्या दक्षिण अंगास कायगांवाजवळ प्रवरा गोदावरीस मिळते. संगमाच्या खालीं चांगल्या पावसाच्या वर्षीं नदी नदीसारखी दिसतच नाहीं. पलीकडचा कांठ दूर जातो, पाणी स्तब्ध होतें, आणि हिवाळ्यांत परदेशचे पक्षी त्यावर उतरतात. हा नाथसागराचा फुगवटा. तेथून खालीं पैठणजवळ तें पाणी ज्या बांधानें अडविलें आहे, त्याचें नांव जायकवाडी. धरण आधीं बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळ व्हावयाचें होतें. जागा बदलली, नांव तेंच राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन झालें. बांधाची लांबी सुमारें १० किलोमीटर आणि उंची अधिकांत अधिक सुमारें ४१ मीटर आहे. पाणी सोडण्यासाठीं २७ दरवाजे आहेत, आणि पूर्ण भरला असतां जलाशयांत सुमारें २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी मावतें.

गंगापूरच्या वांट्यास या धरणाची पाठ आली. धरणाचे दोन कालवे, डावा २०८ किलोमीटरांचा आणि उजवा १३२ किलोमीटरांचा, पैठणपासून निघून खालच्या जिल्ह्यांकडे जातात. वरच्या अंगास पाणी पसरतें तें शेतांवर आणि गांवठाणांवर. गोदाकांठची कसदार काळी जमीन त्याखालीं गेली, गांवें उठून उंचावर जाऊन बसलीं. गंगापूर-वैजापूरच्या रानांना कालव्याचें पाणी मिळावें म्हणून पुढें नांदूर-मधमेश्वरचा वेगळा कालवा आणावा लागला. धरणावरील यंत्रांचें कौतुक करतांना ही बाजू विसरून चालत नाहीं.

दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध म्हणजे काय, याची कल्पना दुरून येत नाहीं. दुरून तो एक लांब टेंकडीच वाटतो. वस्तुतः त्याची रचना एखाद्या फळासारखी असते. मध्यें गाभा, तो चिकण मातीचा, ज्यांतून पाणी झिरपत नाहीं. त्याच्या दोन्ही अंगांस मुरमाड मातीचें कवच, जें गाभ्याला आधार देतें आणि ढळूं देत नाहीं. आणि पाण्याकडील उतारावर लाटांचा मार सोसण्यासाठीं दगडांचें अस्तर. गाभ्याखालीं पक्क्या थरापर्यंत चर खणून तोहि त्याच चिकण मातीनें भरतात. नाहीं तर बांध वरून शाबूत आणि खालून पाणी वाहतें, अशी गत होते. ही सर्व माती एकदम टाकून भागत नाहीं. वीतभर जाडीचा थर पसरावयाचा, त्यावर हवें तेवढें पाणी शिंपडावयाचें, दाबावयाचा, पुन्हां थर. असें हजारों वेळां.

यांत सगळी मेख आहे ती ओलाव्याची. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांत बसत नाहींत. फार ओली असेल तर पाणीच कणांना दूर ठेवतें. या दोहोंच्या मध्यें एक नेमका ओलावा असतो, कीं ज्यावर माती सर्वांत घट्ट बसते. हा सिद्धान्त लॉस एंजेलिसचे इंजिनियर आर. आर. प्रॉक्टर यांनीं १९३३ सालीं मांडला, आणि तेव्हांपासून मातीच्या प्रत्येक धरणावर प्रॉक्टरची कसोटी घेतली जाते. प्रयोगशाळेंत ती वजनें आणि साचे घेऊन होते. पण जाणता मनुष्य मुठींत माती आवळून, गोळा अंगठ्यानें फोडून जो अंदाज सांगे, तोहि फारसा चुकत नसे. दाबण्यासाठीं जो रूळ वापरतात त्याच्या पोलादी नळकांड्यावर खुरांसारखे खुंट असतात, म्हणून त्याला मेंढीच्या पायाचा रूळ म्हणतात. हे खुर प्रथम मातींत पूर्ण बुडतात. फेऱ्या होत जातात तसतशी तळाकडून वर माती घट्ट होते आणि खुर कमी कमी रुततात. शेवटीं रूळ जणुं पायांच्या टोंकांवर चालूं लागतो. थर पुरा झाल्याची ही खूण. ती कागदावर पाहणाऱ्या इंजिनियरच्या आधीं रूळ ओढणाऱ्या यंत्राच्या चालकास कळते, कारण त्याच्या बैठकीखालचा हादरा बदलतो. ज्या खुंटांनीं तो हिसके खात होता, तेच आतां त्याला हलकेच पुढें जाऊं देतात.

जुन्या यंत्रावरील चालकाचें कसब हें असें होतें. तें पुस्तकांत फारसें सांपडत नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें सांगणें योग्य होईल.

सकाळचें पहिलें काम म्हणजे यंत्र जागें करणें. मोठ्या डिझेल इंजिनाला आजच्यासारखी कळ नव्हती. त्याच्या कुशींत एक लहान पेट्रोल इंजिन बसविलेलें असे. तें दोरीनें किंवा हँडलनें आधीं सुरू करावयाचें, त्याच्या उष्णतेनें मोठें इंजिन ऊन होऊं द्यावयाचें, आणि मग त्याच्याच बळानें मोठ्याला फिरवावयाचें. थंडीच्या दिवसांत यास बराच वेळ लागे. घाई केली तर डिझेल पेट घेत नसे, आणि लहान इंजिनहि रुसून बसे. धुराचा काळा लोट निघाला आणि ठोके एकसारखे पडूं लागले, म्हणजे त्या दिवसाचें अर्धें संकट टळलें असें समजावें.

त्यानंतर आठ-दहा तास तो उघड्या बैठकीवर. बंद खोली आणि थंड हवा हीं सुखें पुढच्या पिढीच्या वांट्याचीं. डोक्यावर कोठें पत्र्याचें छप्पर असे, कोठें तेंहि नसे. मे महिन्याचें मराठवाड्याचें ऊन, खालून इंजिनाची धग, आणि पट्ट्यांनीं उडविलेली माती नाकातोंडांत. आवाज असा, कीं वर्षानुवर्षें हें काम करणाऱ्याला म्हातारपणीं कमी ऐकूं येऊं लागे. आणि गंमत अशी, कीं ज्या कानांना तो आवाज मारी, त्याच कानांवर त्याचें सारें काम चाले. इंजिनाचा सूर किंचित् उतरला कीं पातें जास्त खोल गेलें. सूर चढला कीं माती निसटली. नजर पात्यावर असली तरी हात चाले तो कानाच्या हुकुमानें.

जुन्या डोझरचें पातें तारेच्या दोरानें वरखालीं होई. यंत्राच्या पाठीशीं दोर गुंडाळणारें एक चक्र असे, आणि तेथून कप्प्यांवरून तो दोर पुढें पात्यापर्यंत जाई. दोरानें पातें वर ओढतां येतें, खालीं ढकलतां येत नाहीं. खालीं जावयाचें तें आपल्याच वजनानें. म्हणून कठीण जमिनींत पातें नुसतें वर सरके, आणि मऊ जमिनींत भसकन् बुडे. दोर सोडावयाचा तो बोटा-दोन बोटांच्या हिशेबानें, नि तोहि यंत्र पुढें चालत असतां. नवशिक्याच्या हातून जमीन लाटांसारखी होई, आणि एकदां एक उंचवटा झाला कीं यंत्र त्यावर चढतांना पातें आणखी उचललें जाई, उतरतांना आणखी रुते; चूक आपल्याच पिलांना जन्म देत जाई. हाताला वळण लागलेला मनुष्य तीच जमीन अंगणासारखी सपाट करून दाखवी.

वळण्याची तऱ्हा तर विलक्षणच होती. पट्ट्यांच्या यंत्राला सुकाणू नसतें. डाव्या आणि उजव्या पट्ट्याचा एक एक दांडा. ज्या बाजूस वळावयाचें त्या बाजूचा दांडा ओढला, कीं त्या पट्ट्याची शक्ति तुटते आणि यंत्र तिकडे वळतें. एवढें कोणीहि आठवडाभरांत शिकेल. पण तीव्र उतारावर यंत्र इंजिनाच्या जोरावर चालत नाहीं, उलट इंजिनच त्यास आवरून धरीत असतें. अशा वेळीं डावा दांडा ओढला तर डावा पट्टा आवरणांतून सुटतो, जास्त वेगानें धांवतो, आणि यंत्र डावीकडे न वळतां उजवीकडे वळतें! चाळीस मीटर उंच बांधाच्या उतारावर हा उलटा नियम क्षणभर विसरणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. कुशल चालकाला तो आठवावा लागत नसे. उतार लागतांच त्याचे हात आपोआप अदलाबदल करीत, जसे दोन गांवांच्या दोन बोली बोलणारा मनुष्य वेस ओलांडतांच बोली बदलतो.

आणि काळी माती! स्टॉक्टनच्या मातीसाठीं निर्माण झालेल्या यंत्राला मराठवाड्याची माती भेटली, ती त्याहून हट्टी. उन्हाळ्यांत ती दगडासारखी होऊन तिला हातभर भेगा पडतात. पाणी लागलें कीं फुगते आणि लोण्यासारखी निसरडी, पण डिंकासारखी चिकट होते. पट्टे, दांतेरी चाक आणि खालचे रोलर यांच्यामध्यें ती बसली आणि रात्रभरांत वाळली, कीं सकाळीं पट्टा ताठ होऊन जोडावर ताण येतो. म्हणून संध्याकाळीं इंजिन बंद झाल्यावर हेल्पर पहार आणि फावडें घेऊन यंत्राच्या खालीं शिरे आणि तासभर माती काढीत बसे. चालक होण्याची शाळा तीच. ज्यानें चार वर्षें पट्ट्यांतली माती काढली, ग्रीस भरलें, डिझेलचे डबे वाहिले, त्याला एखाद्या दुपारीं उस्ताद जेवावयास बसला असतां दांड्याला हात लावावयास मिळे. विद्या अशीच एका हातांतून दुसऱ्या हातांत जात असे, आणि तिची परीक्षा घेणारी मातीच असे.

यंत्रांच्या या कौतुकांत एक अवघड प्रश्न मात्र टाळतां येत नाहीं. यंत्रापूर्वीं हें काम कोण करीत होतें? महाराष्ट्रांत मातीकाम म्हटलें कीं वडार समाजाचें नांव येतें. त्यांतले मातीवडार मातीचें काम करणारे, गाडीवडार दगड वाहून नेणारे, आणि दगड घडविणारे निराळे. तळीं, बांध, रेल्वेचे भराव, कालवे यांची माती पिढ्यान् पिढ्या या लोकांनीं उपसली. पुरुषानें कुदळ मारावी, बाईनें पाटी वाहावी, मुलांनीं गाढवें हांकावीं. काम ब्रासावर मोजलें जाई. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. किती खोदलें तें नंतर कळावें म्हणून खड्ड्यांत मधून मधून मातीचे खांब तसेच उभे ठेवीत, आणि त्यांच्या उंचीवरून मजुरी ठरे. माती कोठें बदलते, मुरूम कोठें लागेल, कोणत्या थराखालीं पाणी आहे, हें त्यांना रंगावरून कळे. डोझरच्या चालकाचें कसब ज्यास अपूर्व वाटतें, त्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें, कीं तें कसब पूर्वीं कुदळीच्या दांड्यांत होतें, आणि यंत्रानें तें तेथून काढून एका माणसाच्या हातीं दिलें. बाकीचे शंभर हात रिकामे झाले.

१९७२ च्या दुष्काळानें हा प्रश्न उघडा केला. मराठवाड्यांत सलग पावसानें दगा दिला, आणि लाखों माणसें दुष्काळी कामांवर आलीं. मे १९७३ मध्यें राज्यांतील अशा कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या घरांत पोंचली. तीं माणसें खडी फोडीत होतीं, रस्त्यांवर माती टाकीत होतीं, पाझर तलाव खोदीत होतीं. अशा वेळीं यंत्र सुरू करणें म्हणजे कोणाच्या तरी ताटांतली भाकरी उचलणें होतें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें. माणसाच्या हातानें होणारें काम यंत्राला देऊं नये, ही त्या योजनेची वृत्तीच आहे. याच्या उलट बाजूसहि सत्य आहे. माती हातांनीं टाकतां येते. चाळीस मीटर उंचीचा बांध हातांनीं दाबतां येत नाहीं. पाटीनें आणलेल्या मातीवरूनहि शेवटीं रूळ फिरवावाच लागतो. मोठ्या धरणावर दोन्ही जगें शेजारीं शेजारीं वावरत. एका अंगास बायकांची पाट्या घेतलेली रांग, दुसऱ्या अंगास धुरळ्यांत हरवलेला डोझर. जेवणाच्या सुटींत इंजिन थांबे, तेव्हां कुदळींचा आवाज ऐकूं येई.

धरण पुरें झालें म्हणजे यंत्रें पुढच्या कामावर जातात, तेथून त्याच्या पुढच्या. मग एक दिवस सुटे भाग मिळेनासे होतात, यंत्र शेडच्या मागें उभें राहतें, त्यावर वेल चढतो, आणि सरकारी कागदांत तें निर्लेखित होतें. निर्लेखित म्हणजे पुस्तकांतून काढून टाकलेलें. त्यानंतर लिलांव, आणि लिलांवानंतर भंगारवाल्याचा गॅसचा बंब. रस्त्यावरचा वाफेचा जुना रूळ एखाद्या कचेरीच्या आवारांत रंग देऊन शोभेला ठेवलेला आढळतो. मातीयंत्रांचें नशीब तेवढें थोर नाहीं. यंत्राची नोंदवही तेवढी कांहीं वर्षें फडताळांत राहते. तींत दिवसाचे तास असतात, डिझेल किती आणि तेल किती तें असतें, बिघाड काय झाला तें असतें. उतारावर दांडे उलटे ओढावे लागतात हें तींत नसतें. तें लिहावयाचें असतें हेंच कोणास सुचलेलें नसतें. १९७० सालीं जो चालक पंचविशींत होता, तो आज ऐंशीच्या घरांत आहे. त्याच्या गांवीं त्याची नातवंडें त्याला आजोबा म्हणून ओळखतात, आणि बहिरेपणाबद्दल त्याची थट्टा करतात.

दरम्यान यंत्रांचें जग पालटलें. दोराच्या जागीं तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे आले. पातें आतां नुसतें वर ओढतां येतें असें नाहीं, खालींहि दाबतां येतें. फ्रान्समधील पोक्लेन कंपनीनें १९६१ सालीं या तत्त्वावरचें खोदयंत्र बाजारांत आणून फार मोठें नांव मिळविलें. ती कंपनी आतां खोदयंत्रें बनवीत नाहीं. परंतु मराठवाड्यांत आज कोणत्याहि कारखान्याचें मोठें खोदयंत्र आलें तरी तें पोकलेनच. तसेंच जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारागिरानें १९४५ सालीं युद्धांतल्या टाकाऊ मालांतून एक गाडा बनवून धंद्यास आरंभ केला. त्याच्या नांवाचीं तीन आद्याक्षरें आज गंगापूरच्या आठवडेबाजारांत कुदळीइतकीं परिचित आहेत. त्या कंपनीनें १९७९ सालीं भारतांत भागीदारीनें कारखाना काढला. आजचा तरुण चालक दोन नाजुक दांडे बोटांनीं हलवितो, तासाच्या हिशेबानें भाडें घेतो, आणि विहिरीपासून घराच्या पायापर्यंत सर्व कामें करतो. काम सोपें झालें असें मात्र त्यानें मानूं नये, आणि हुशार असतो तो मानीतहि नाहीं. बकेटचे दांत खडकाला लागले कीं हाताला कांहीं कळत नाहीं, कारण मध्यें तेल असतें. कळतें तें इंजिनाच्या सुरावरून. म्हणजे कान सुटला नाहींच.

आणि मातीहि तीच आहे. २०१७ पासून राज्य सरकारच्या योजनेखालीं धरणांतला गाळ काढून शेतांवर टाकण्याचें काम जागोजाग झालें. अवर्षणाच्या वर्षीं नाथसागराचें पाणी मागें सरतें, तेव्हां फुगवट्याच्या कडेची जमीन मैलच्या मैल उघडी पडते. तीवर वाळलेल्या गाळाचा थर असतो, वरून भेगाळलेला, आंतून ओला. अशा ठिकाणीं यंत्र उतरविणारा जाणता चालक प्रथम खालीं उतरून टांचेनें जमीन दाबून पाहतो, मग पट्टे कोठून न्यावयाचे तें ठरवितो, आणि आपल्या पाठीशीं परत निघावयाची कोरडी वाट राखून मगच पहिली बकेट भरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यांत पश्चिमेकडे ढग दिसूं लागले, कीं तो भरलेला टिप्पर तसाच सोडून आधीं यंत्र कांठावर घेतो. शेतकरी आणखी दोन खेपा मागत असतो. चालक मानेनेंच नाहीं म्हणतो. काळ्या मातींत रुतलेलें यंत्र ओढावयास दुसरें यंत्र आणावें लागतें, आणि तें बहुधा पहिल्याच्या शेजारीं जाऊन बसतें.